ढोलवाला पिऊन आला

मंगलाष्टकाचं एक कडवं संपलं की गुरुजी मान डाव्या खांद्याकडे वळवायचे. सावकाश, मागून कोणी हाक मारल्यासारखी. अंतरपाट धरलेले दोघे तिकडे पाहायचे, मग नवरीचा बाप पाहायचा, मग पहिल्या रांगेतल्या बाया. तिकडे असायचं काय, तर माझं झेंडूचं तोरण, नाहीतर खुर्चीवर ठेवलेले चहाचे उष्टे कप. गुरुजी समोर बघून शांतपणे म्हणायचे, "कोणी नाही. चालू द्या."

आणि पुढचं कडवं सुरू.

अमरावतीकडच्या लग्नांत तुम्ही अक्षता टाकल्या असतील, तर हा प्रकार एखाद्या वेळी तुमच्याही नजरेत आला असेल. तुम्हीही डावीकडे पाहिलं असेल. लाजू नका, सगळेच पाहायचे.

आम्ही वलगावचे माळी. शेतात शेवंती, झेंडू, निशिगंध आणि लग्नसराईत मांडवाची, स्टेजची सजावट. गुरुजींची आणि माझी ओळख म्हणजे एकाच स्टेजवरची. ते मंत्र म्हणायचे आणि मी मागे शिडीवर उभा राहून सुटलेला हार बांधायचो. ते मला 'फुलवाले' म्हणायचे, खुशीत असले की 'बावा'.

त्या मान वळवण्याचा लोकांनी आपापला अर्थ लावला होता. गुरुजी मुहूर्त घड्याळात बघत नाहीत, कानानं ऐकतात, असं बोललं जायचं. अचलपूरचा एक किराणा व्यापारी मुलीच्या लग्नासाठी खास 'ते कानवाले गुरुजी' पाहिजेत म्हणून अमरावतीला आला होता. मी गुरुजींना म्हटलं, लोक काहीही समजून राहिले, सांगून टाका न एकदा खरं काय ते.

ते म्हणाले, "मी काही बोललो का? मी फक्त मान वळवतो. बाकीचं लोकच करतात."

खरं काय ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ते मला जेवणाच्या वेळी कळलं. गुरुजींना एसी हॉलमध्ये बसवलेलं आवडायचं नाही. ते आपलं ताट उचलून मंगल कार्यालयाच्या मागे, जनरेटरजवळ खुर्ची टाकून बसायचे. तिथे डिझेलचा वास आणि कानठळ्या बसतील असा आवाज. मॅनेजर बिचारा हात जोडायचा की गुरुजी, पाहुणे काय म्हणतील, आत चला. गुरुजी कढी ओरपत सांगायचे की मला इथेच अन्न गोड लागतं.

एकदा मी उरलेली फुलं पोत्यात भरत तिथेच बसलो होतो. विचारलं की इथे काहून बसता. जनरेटर चालू असल्यानं त्यांना स्वतःचं गुपित ओरडूनच सांगावं लागलं.

"माह्या कानात माहं काळीज वाजते!"

गुरुजी माणूस, काहीतरी अध्यात्माचं बोलत असतील असं मला वाटलं. मी मान डोलावून म्हटलं, वा, खूपच छान.

"छान काय रे? खरोखर वाजते!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. डाव्या कानात सारखा आवाज. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना पाठीवरचा पंप जसा घुस्स-घुस्स करतो, तसा. मनगटावर नाडी धरली की कळायचं, जितके ठोके तितकेच घुस्से. जिना चढले की जोरात, बसले की हळू. बंद मात्र कधीच नाही. मान डाव्या खांद्याकडे वळवली की तो पंप दोन क्षण दबायचा. मंगलाष्टकाचा पुढचा सूर पकडायला तेवढी शांतता त्यांना पुरायची. म्हणजे अचलपूरच्या व्यापाऱ्याचा मुहूर्त तो असा होता.

आवाज सुरू झाला तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आधी लसणाचं तेल कानात घातलं. त्यानं कान फक्त चुरचुरला. एका डॉक्टरनं मळ काढला. गुरुजी म्हणाले की त्यामुळे आवाज आणखी स्वच्छ ऐकू यायला लागला. दुसऱ्यानं वय झालं म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं गोळ्या दिल्या आणि लक्ष देऊ नका म्हणाला. गुरुजींचं म्हणणं असं की शेजारी पंप चालू असता तर मी दार लावून घेतलं असतं. याला दार कुठून लावू? त्यांच्या एका ज्योतिषी मित्रानं राहूला दोष दिला. त्यावर हे म्हणाले, राहूला इतका वेळ आहे का?

गुरुजी हे हसत सांगायचे, पण मधली दोन वर्षं त्यांना कोणी खरं मानलं नव्हतं, हे त्यांना लागलं होतं. आपणच वेडे होतोय की काय, असंही मनात येऊन गेलं होतं म्हणे. पोथी वाचायला बसलं की ओळ सुटायची. संध्या करताना डोळे मिटले की आत फक्त पंप. घरातली शांतता त्यांना नकोशी झाली होती.

मग त्यांच्या शेजाऱ्यानं एका नव्या कानाच्या डॉक्टरणीचं नाव सांगितलं. वयानं गुरुजींच्या मुलीहून लहान. तिनं सगळं ऐकून घेतलं, उठली, स्टेथोस्कोप गुरुजींच्या कानामागे लावला आणि पंखा बंद करायला सांगितला. बराच वेळ ती कान देऊन ऐकत राहिली.

मग म्हणाली, "काका, मलाही ऐकू येतोय."

हे मला सांगताना गुरुजींनी उपरण्यानं चष्मा पुसला. "दुसऱ्यानं ऐकलं बावा. दुसऱ्यानं."

त्यानंतर मात्र त्यांना सगळ्यांना ऐकवायची हौस आली. एका लग्नात स्टेजच्या पडद्यामागे त्यांनी मला जवळ ओढलं आणि कान लावायला सांगितला. मी त्यांच्या डाव्या कानाला कान चिकटवून उभा राहिलो, श्वास रोखून. तेवढ्यात केटरर लाडूचं ताट घेऊन आत आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि पाठमोरा निघून गेला. पुढे कितीतरी दिवस तो मला वेगळ्याच आदरानं नमस्कार करायचा. मला मात्र काही ऐकू आलं नव्हतं. गुरुजी म्हणाले की तुझ्या कानात भुंगे भरले आहेत, तुझा काय उपयोग.

डॉक्टरणीनं त्यांना नागपूरला फोटो काढायला पाठवलं. कानामागची एक शीर मधेच चिंचोळी आहे आणि रक्त तिथून जाताना आवाज करतं, असं निघालं. जिवाला धोका नाही, पण उपाय सोपाही नाही, सध्या याच्यासोबत राहायला शिका, असं तिनं सांगितलं. गुरुजींनी काकूंकडे पाहून म्हटलं की सोबत राहायची मला चांगली सवय आहे. काकूंनी डॉक्टरणीसमोरच त्यांना कोपर मारलं.

राहायला शिकायचं म्हणजे काय, तर त्यांनी गावातले सगळे आवाज गोळा केले. संध्याकाळी ते चक्कीवर जाऊन पेपर वाचत बसायचे. गहू-ज्वारी दळून होईपर्यंत बाया बाकड्यावर बसत, त्यांच्यात हे धोतरवाले गुरुजी. घरी यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. काही दिवसांनी चक्कीत यांची पार्टनरशिप आहे अशी बातमी उठली आणि एका बाईनं तर पीठ जाडं दळलं गेल्याची तक्रार थेट यांच्याकडे आणली. यांनी ती मन लावून ऐकली आणि पुढच्या वेळी बारीक देतो म्हणून शब्दही दिला.

घरी कुलर. पाण्याविना, नुसता पंखा, खडखडणारा. उन्हाळ्यात ठीक, पण भर हिवाळ्यात कुलर लावणारं अमरावतीत ते एकच घर असेल. काकू दोन गोधड्या घेऊन, डोक्याला मफलर बांधून त्यांच्या शेजारी झोपायच्या. मी एकदा म्हटलं, काकू, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपत जा. त्या म्हणाल्या, "अन् याइले रात्री काही झालं तर कुलर सांगायला येईल का मले?"

त्याच सुमारास कार्यालयाच्या आसपासच्या लोकांनी डीजेविरुद्ध अर्ज केला. एक निवृत्त हेडमास्तर सह्या घेत फिरत होते. गुरुजींची सही तर सगळ्यात वर पाहिजे, असं म्हणून ते कौतुकानं यांच्याकडे आले. गुरुजींनी नाही म्हटलं. आपली संस्कृती वगैरे हेडमास्तर बरंच बोलले. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं की तो जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत वाजवतो? हेडमास्तर म्हणाले, दहा. गुरुजी हळहळले, "दहालेच बंद करते काय?"

आता दुसरी गोष्ट. त्याच डॉक्टरणीनं कान तपासता तपासता मनगट धरलं होतं आणि नाडी तिला नीट वाटली नव्हती. मधेच दोन ठोके जवळ यायचे, मधेच एक गायब. तिनं हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. गुरुजींना यात नवीन काही नव्हतं. त्यांना ते कितीतरी आधीपासून ऐकू येत होतं. एरवी घुस्स-घुस्स अशी सरळ चाल असायची, पण कधीकधी तास-दोन तास नुसता गोंधळ, ना सम ना ताल. त्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन हळूच सांगायचे:

"आज ढोलवाला पिऊन आला बावा."

हे वाक्य मग आमच्यात रुळलं. मी लांबून भुवया उडवून विचारायचो. ढोलवाला शुद्धीवर असला की ते अंगठा दाखवायचे. पिऊन असला की तोंडाशी हात नेऊन बाटली लावल्यासारखं करायचे. एका वरमायेनं ती खूण पाहिली आणि गुरुजींना खरोखरच तहान लागली असेल म्हणून सरबत पाठवलं. हे तरी बरं झालं म्हणायचं. दुसऱ्या एका व्याह्यानं ती पाहिली तेव्हा त्याचा वेगळा समज झाला आणि तो जवळ येऊन गुरुजींच्या तोंडाचा वास घेऊन गेला.

पण हृदयाच्या डॉक्टरांपुढे गेलं की ढोलवाला एकदम शहाणा. कार्डिओग्राम काढला की सरळ. पुन्हा काढला, पुन्हा सरळ. गुरुजी म्हणायचे की साहेब समोर आला की हा हाताची घडी घालून बसतो. शेवटी डॉक्टरांनी दिवसभर अंगावर बाळगायचं एक यंत्र लावलं. छातीला चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला एक डबी. दुसऱ्या दिवशी नेमकं लग्न होतं. गुरुजी तसेच आले, वर उपरणं पांघरून.

नवरदेवाकडचे एक मामा होते. मांडवात असा एक मामा असतोच, ज्याला सगळं तपासायचं असतं. होमाजवळ गुरुजी वाकले, उपरणं सरकलं आणि मामांना वायर दिसली. त्यांनी डोळे बारीक केले. थोड्या वेळानं गुरुजींनी सवयीप्रमाणे मान डावीकडे वळवली आणि मामांना सगळा उलगडा झाला.

ते उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हे गुरुजी स्वतः म्हणत नाही आहेत. याइले कोणीतरी कानात सांगून राहिलं. ते पाहा वायर!"

माझ्या हातातला हार शिडीवरून खाली पडला. गुरुजींनी मामांकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि हात जोडून म्हणाले, "हो न. वरूनच सांगतात."

अर्धा मांडव हसला, अर्ध्याला ते खरं वाटलं. मामा भडकले. डबी दाखवा म्हणाले, नवरीचा बाप मधे पडला, कोणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. या सगळ्या आरड्याओरड्यात गुरुजींनी पुन्हा डावीकडे मान वळवली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, आता यांचं डोकं फिरलं. त्यांनी गर्दीतून माझ्याकडे पाहून बाटलीची खूण केली. ढोलवाला पिऊन आला होता आणि या वेळी डबी कमरेला होती.

मग त्यांनी मामांचा हात धरून स्वतःच्या मनगटावर ठेवला. मामांनी थोडा वेळ नाडी पाहिली. त्यांनीच गुरुजींना पाणी आणून दिलं, पंख्याची दिशा बदलली आणि लग्न लागेपर्यंत शेजारून हलले नाहीत. जाताना गुरुजींनी त्यांचे आभार मानले. म्हणाले, तुम्ही भांडला नसता तर हा सापडला नसता.

यंत्रानं सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. हृदयाचे वरचे कप्पे मधूनमधून नुसतेच थरथरत होते. अशा वेळी रक्त तिथे साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. डॉक्टरांनी ठोके आवरायची गोळी दिली आणि रक्त पातळ ठेवायची. दुसरी एक दिवसही चुकवायची नाही, असं काकूंना बजावलं. कानाचा आवाज यानं जाणार नव्हता, कारण शीर वेगळी आणि हे वेगळं. फक्त कानात ते वाजत असल्यामुळे गुरुजींना दोन्ही दुखणी एकदम ऐकू येत होती.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग गुरुजींनी ती दुसरी गोळी बंद केली. झालं असं की दाढी करताना हनुवटीला बारीकसं कापलं आणि त्या गोळीमुळे रक्त थांबेना. एका घरी सत्यनारायण सांगताना तो थेंब चौरंगावरच्या पांढऱ्या वस्त्रावर पडला. यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. गुरुजींनी वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर गोळी जिभेखाली धरून नंतर तुळशीत टाकायला लागले. काकूंना वाटायचं, घेतली. हे आम्हाला सगळं नंतर कळलं.

त्या मे महिन्यात अकोल्याचं लग्न होतं. सजावट माझी, विधी गुरुजींचे. पहाटे फुलं घेऊन निघालो, तेव्हा तेही माझ्या टेम्पोत बसले. टेम्पोचा आवाज त्यांना आवडायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी बाटलीची खूण केली. मी विचारलं, केव्हापासून? म्हणाले, कालपासून. मी गाडी बाजूला घेतली आणि परत फिरू म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. नवरी मेंदी लावून बसली आहे, ती काय तुझी फुलं आहेत का उद्या वाहायला, असं म्हणाले. मी पुढे निघालो.

अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मांडवात कुलर होते तरी लोक पत्रिकांनी वारा घेत होते. मंगलाष्टकं सुरू झाली. मी नेहमीप्रमाणे शिडीवर. संस्कृत मला कळत नाही, पण गुरुजींचा आवाज इतकी वर्षं ऐकत होतो. तिसऱ्या कडव्याला तो आवाज घसरला. शब्द ओले झाल्यासारखे एकमेकांना चिकटले. लोकांना वाटलं, माईक खराब झाला. कोणीतरी माईक ठोकून पाहिलासुद्धा. गुरुजींच्या उजव्या मुठीतल्या अक्षता बोटांतून गळत होत्या आणि ते तिकडे नुसतं बघत होते. ते माझ्याकडे वळले, काहीतरी म्हणाले. ओठांची एक बाजूच हलली.

मी शिडीवरून उडी मारली. नवरीच्या भावानं स्वतःची गाडी काढली. त्या पोराला बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत, पण त्यानं गाडी अशी हाकली की आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी शेवटची केव्हा घेतली? मी अमरावतीला काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आज पहाटे निघताना, माझ्यासमोर. गुरुजी खाटेवरून डावा हात जोरजोरात हलवायला लागले, नाही, नाही. मग त्या हातानं त्यांनी मला तुळशीच्या वृंदावनाचा आकार काढून दाखवला. बराच वेळ कोणालाच कळेना. कळलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

पण गोळी पोटात नव्हती म्हणूनच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं.

संध्याकाळपर्यंत तोंड बरंचसं सरळ झालं. काकू आणि अकोल्यातच राहणारी त्यांची मुलगी दोघी आल्या होत्या. गुरुजींचा पहिला समजण्यासारखा प्रश्न होता, "लग्न लागलं का?"

लागलं होतं. नवरीच्या आत्यानं उरलेली मंगलाष्टकं म्हटली होती. तिचं चुकलं का कुठे, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला काय विचारता, मी तर तुमच्यासोबत होतो.

दुसरा प्रश्न नव्हताच, युक्तिवाद होता. गोळी टाकून दिली म्हणून इंजेक्शन चाललं, म्हणजे तुळशीनंच वाचवलं. डॉक्टर म्हणाले, गोळी घेतली असती तर इंजेक्शनची पाळीच आली नसती. गुरुजींनी डोळे मिटून घेतले, ऐकू न आल्यासारखे. काकूंनी त्या दिवशी त्यांना काहीही म्हटलं नाही आणि ते पाहून मी घाबरलो. काकू बोलत नाहीत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी भेटायला आत सोडलं तेव्हा खाटेजवळ ठोके दाखवायचं मशीन टुक-टुक करत होतं. गुरुजींनी काकूंना खूण केली, मशीनकडे बोट दाखवलं, मग आपल्या डाव्या कानाकडे.

"हेच," ते म्हणाले. "मले जे ऐकू येते ते. असंच."

काकू ऐकत राहिल्या. टुक-टुक, मग एकदम दोन, मग काही नाही, मग टुक. त्यांनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत त्यांनी कुलर सोसला, मफलर बांधला, पण नवऱ्याच्या कानातलं त्यांना आज ऐकू येत होतं.

"रात्रंदिवस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मेलं किती बेताल आहे," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. गुरुजींनी त्यांचा हात धरला, आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

गुरुजी चालायला लागले, उजवा हातही आला. जीभ मात्र पूर्ण आली नाही. काही अक्षरांपाशी ती अडायची, चढावर बैलगाडी अडते तशी. गप्पांत ते कळायचं नाही, मंत्रात कळायचं. त्यांनी लग्नं लावणं सोडलं आणि मुलीच्या आग्रहानं दोघं अकोल्याला राहायला गेले. आता गोळी काकू स्वतः जिभेवर ठेवायच्या आणि तोंड उघडून दाखवा म्हणायच्या. मी गेलो की गुरुजी मलाही तोंड उघडून दाखवायचे, न सांगता.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं, वलगावला, शेतातच मांडव टाकून. मंत्रांसाठी एक तरुण गुरुजी ठरवले होते. पण मुलगी लहानपणापासून माझ्याबरोबर स्टेजवर फिरलेली. ती हटून बसली की शेवटचं कडवं आपले गुरुजीच म्हणतील, नाहीतर मी उभी राहत नाही. मी फोन केला तेव्हा गुरुजींनी साफ नकार दिला. येईन, जेवीन, आशीर्वाद देईन, पण माईक हातात घेणार नाही. भर मांडवात जीभ अडली तर तुझ्या मुलीच्या लग्नाचं हसं होईल, असं ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांना कशाची लाज वाटलेली मी पाहिली नव्हती.

ते आले आणि बँडवाल्यांच्या रांगेत बसले. अंतरपाटामागे मुलगी उभी होती. तरुण गुरुजींची कडवी संपली. तिनं अंतरपाटाच्या कडेनं मान काढून गुरुजींकडे पाहिलं आणि तशीच पाहत राहिली. नवरदेव गोंधळला. लोक कुजबुजायला लागले. काकूंनी गुरुजींना ढोसलं. तेव्हा ते उठले.

आवाज पूर्वीचा नव्हता, बारीक झाला होता, पण सूर जागेवर होता. एक ओळ गेली, दुसरी गेली. दोन ठिकाणी जीभ अडखळली, ते त्यांनी ताणून घेतलं. आलं शेवटचं.

"शुभमंगल साव..."

आणि अडले. "साव... साव..." मुठी वर उचललेल्या, सगळा मांडव थांबलेला. मागच्या पोरांनी अक्षता फेकल्यासुद्धा. बँडवाल्यानं एक थाप मारली आणि ओशाळून थांबला. गुरुजींच्या कपाळावर घाम दिसत होता. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि माईकवरूनच सांगितलं:

"घाई नका करू बावा. गाडी चढावर आहे."

मांडव असा हसला की तो नवरदेवही हसला, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात हलले. त्या हसण्यातच गुरुजींनी "सावधान" म्हणून टाकलं, स्वच्छ, एका दमात. लोकांनी हसता हसता अक्षता फेकल्या. माझ्या मुलीचं लग्न असं लागलं. जेवताना गुरुजींनी कढी तीनदा मागून घेतली आणि काकूंशी भांडले.

पाऊस लागायच्या आधी ते गेले. झोपेत नाही, घरात नाही, दवाखान्यात नेताना, ऑटोत. कळल्यावर मी अकोल्याला गेलो. घरात माणसं होती, हळू बोलत होती. काकू ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून सरकल्या, जागा केली. मी बसलो, तशी त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

"ऑटोत माह्या खांद्यावर डोकं होतं. मी विचारलं, कसं वाटून राहिलं. तर म्हणे, हे ठोके माहे नाहीत, या रस्त्याचे आहेत. या रस्त्यावर केस करा."

असं म्हणून काकू हसल्या. मला आवरेना, मीही हसलो. हसू थांबेना तेव्हा आतून त्यांची मुलगी लगबगीनं बाहेर आली. सुतकाच्या घरात कोण हसतंय ते बघायला. काकूंनी तिलाही सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून आधी हसली, मग खाली बसली आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडली. काकू तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

चहा घेऊन मी निघालो. टेम्पो त्याच रस्त्यानं बाहेर काढला. खड्डे खरोखरच होते.